कौलं, क्लेम आणि वीस टक्के

विचारा, सांगते
(सरकारी सर्वसाधारण विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झालेल्या आमच्या सदरलेखिका रत्नागिरीत राहतात. या वेळी बरीचशी पत्रं वाऱ्यापावसाने झालेल्या पडझडीबद्दल आली, म्हणून अंक त्याच विषयाचा.)

प्रश्न : ताई, स. न. आमचं घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. मे महिन्याच्या शेवटी वारा सुटला त्यात मागीलदारचा रायवळ आंबा मोडून त्याची मोठी फांदी माजघराच्या छपरावर आली. पुढच्या पडवीची कौलं तर नुसत्या वाऱ्यानेच उडाली. घराचं कर्ज घेताना बँकेने विमा उतरवला होता, म्हणून क्लेम केला. कंपनीचा सर्व्हेअर येऊन अर्ध्या तासात बघून गेला. आता कंपनी म्हणते ३८ हजार देऊ. सुताराने १ लाख ४२ हजार सांगितलेत. "छप्पर जुनं होतं, देखभाल नव्हती," असं त्यांचं म्हणणं. तालुक्याला एकजण आहेत. ते म्हणतात, कागद माझ्याकडे द्या, पूर्ण रक्कम काढून देतो. वीस टक्के माझे, त्यातले पाच हजार आधी. आमचे हे म्हणतात देऊन टाकू, कटकट नको. काय करावं?
एक वाचिका, केळशी (ता. दापोली)

उत्तर : ते पाच हजार देऊ नका. बाकीचं सावकाश सांगते.

आधी त्या गृहस्थांचा हिशोब मांडू. ३८ हजार कंपनी तशीही देते आहे. समजा त्यांनी एक लाख आणले, तर वीस हजार त्यांचे. म्हणजे वाढवून आणले बासष्ट हजार, आणि टक्के घेतले तुम्हाला आधीच मिळणाऱ्या ३८ हजारांवरसुद्धा. बरं, वाढवून आणणार कशाच्या जोरावर? तुमच्याकडे नाही असा एकही कागद त्यांच्याकडे नाही. अर्ज तुमच्या सहीचा लागतो. उद्या विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं कार्यालय) जायची वेळ आली, तर तिथे तक्रार विमाधारकाने स्वतः करायची असते, नाहीतर त्याच्या वारसाने किंवा नॉमिनीने. वकील चालत नाही, एजंट चालत नाही. दावे विभागात असताना अशा मध्यस्थांच्या फाइली मला लगेच ओळखू यायच्या. सगळ्यांत एकच ठरलेलं वाक्य, "वादळामुळे संपूर्ण छप्पर उद्ध्वस्त", आणि सोबतच्या फोटोत निम्मं छप्पर जागच्या जागी. अशी फाइल समोर आली की त्यातलं खरं नुकसानही संशयानेच वाचलं जातं.

पैसे घालवायचेच तर दापोलीतल्या एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला बोलवा आणि त्याच्या सही-शिक्क्याचं मोजमाप घ्या. तुमचा विमा १ एप्रिल २०२१ नंतरचा असेल तर तो बहुतेक 'भारत गृह रक्षा' या नावाचा असेल. घराच्या विम्याचा हा एकसारखा मजकूर विमा नियामकाने त्या तारखेपासून सगळ्या कंपन्यांना बंधनकारक केला. त्यात आर्किटेक्ट, सर्व्हेअर, इंजिनिअर यांची फी दाव्याच्या पाच टक्क्यांपर्यंत मिळते, आणि पडलेला मलबा हलवण्याचा खर्च दोन टक्क्यांपर्यंत. ती आंब्याची फांदी कापून उतरवायला गडी लावले असतील तर त्यांची पावती त्यात घाला. पॉलिसी तुमच्या हातात नसेल तर बँकेकडे लेखी मागा. कर्ज काढताना उतरवलेले विमे बँकेच्या कपाटात पडून असतात आणि लोकांना आपला विमा आहे हेच ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक होतं, हे निम्मं काम झालं. फक्त एक विचारून ठेवा, की पैसे तुमच्या बचत खात्यात येणार की कर्जखात्यात. पॉलिसीत बँकेचं नाव असेल तर चेक आधी तिकडे जातो, आणि सुतार इकडे ओटीवर पैशासाठी बसून राहतो.

आता ३८ आणि १४२ यांमधली दरी.

सर्व्हेअर हा कंपनीचा नोकर नसतो. त्याला परवाना विमा नियामकाचा, फी मात्र कंपनीची. एवढ्यावरून बरेच जण त्याला शत्रू ठरवून मोकळे होतात. माझा अनुभव तसा नाही. तो जे डोळ्यांनी दिसतं ते लिहितो आणि जे दिसत नाही ते लिहीत नाही. तुमच्याकडे तो आला तेव्हा काय झालं असेल त्याचा अंदाज बांधते. छपरावर ताडपत्री, अंगण झाडून स्वच्छ, फुटकी कौलं गडग्यापलीकडे टाकलेली, माजघर सारवून-पुसून ठेवलेलं. कोणी यायचं म्हटलं की आपण घर आवरतो. त्यामुळे त्याला दिसली ती फक्त जुनी कौलं आणि जुने वासे. ताडपत्री घातलीत ते बरोबरच, नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीप्रमाणे तुमचीच जबाबदारी आहे. पण फोटो आधी आणि ताडपत्री नंतर.

तर पहिलं काम. गडग्यापलीकडची कौलं परत आणा. फुटलेल्या कौलाची कड नीट बघा. नुकत्याच फुटलेल्या कौलाची कड लालभडक असते, बोट फिरवलं तर तांबडी पूड लागते. दोन-तीन पावसाळे आधी फुटलेल्या कौलाची कड काळसर, वर हिरवट शेवाळ, कधी भेगेत कोळ्याचं जाळं. कोकणात वानरं छपरावर नाचतात आणि कौलं फोडतात हे सर्व्हेअरलाही माहीत असतं. "ही वानरांनी फोडलेली जुनी" असं तो मनात धरूनच येतो. त्याला उत्तर ती लाल कड देते. दहा-पंधरा कौलं ओळीने मांडा, कड कॅमेऱ्याकडे, शेजारी टेप पसरून ठेवा, आणि उन्हात फोटो काढा. मात्र पावसात पडून ती भिजत राहिली असतील तर रंग उतरायला लागतो, म्हणून हे आजच करा. वाशांचंही तेच. फांदीच्या माऱ्याने मोडलेल्या वाशाच्या ताज्या तुकड्यावर पांढरे-पिवळे लांब धागे निघालेले असतात. वाळवीने खाल्लेला वासा मोडला की आतून भुसा सांडतो. दोन्ही असतील तर दोन्हींचे फोटो काढा. वाळवीचा वासा लपवू नका. तो सर्व्हेअरने आधीच पाहिलेला असण्याचीच शक्यता जास्त, आणि एक लपवलं की बाकीच्यावरचा विश्वास जातो.

"देखभाल नव्हती" हा शेरा मला सर्वांत जास्त खटकतो. कौलारू घरात राहणारा माणूस दर वर्षी पावसाच्या तोंडावर कौलं परततोच (उतरवून, फुटकी बदलून पुन्हा लावतोच), नाहीतर जूनमध्ये माजघरात पातेली मांडायची पाळी येते. या वर्षी, गेल्या वर्षी कोणाकडून परतून घेतली? त्याची मजुरी फोनवरून पाठवली असेल तर बँकेच्या उताऱ्यात तारीख सापडेल. रोख दिली असेल तर त्याच्याकडून आता लिहून घ्या: अमुक महिन्यात या घराची कौलं परतली, इतकी बदलली, इतकी मजुरी घेतली, खाली सही आणि फोन नंबर. आणि घरातले फोटो चाळा. गेल्या शिमग्याला पालखी दारात आली होती का? गणपतीला सगळे ओटीवर उभे राहून फोटो काढता की नाही? त्या फोटोंत माणसांच्या डोक्यावर पडवीचं छप्पर असतं, धड आणि सरळ, आणि फोनमधल्या फोटोला तारीख असते. असा एक फोटो दहा अर्जांहून भारी पडतो.

दुसरं काम सुताराच्या कागदाचं. "छप्पर दुरुस्ती एकूण १,४२,०००" असं एका ओळीत लिहिलं असेल तर सर्व्हेअर ते वाचतच नाही, स्वतःच्या दराने हिशोब करतो. नव्याने लिहून घ्या. पडवीच्या आणि माजघराच्या फक्त पडलेल्या भागाची लांबी-रुंदी. कौलं किती नग: शंभर चौरस फुटांना साधारण एकशे चाळीस धरून पाहा, म्हणजे आकडा फुगला आहे की आखडला आहे ते तुम्हालाच कळेल. कोन्याची कौलं वेगळी. वासे किती, किती फुटी, कुठल्या लाकडाचे. ऐन-किंजळ आणि साग यांच्या दरात मोठा फरक आहे. रिपा (वाशांवरच्या आडव्या पट्ट्या) किती फूट. मजुरी, टेम्पोभाडं. आणि हे जरा स्पष्टच सांगते, सुतारांना सवय असते की वर चढलोच आहोत तर न पडलेली बाजूही उलगडून नवी करू. त्या बाजूचे पैसे या कागदातून काढून टाका. तसंच कौलांऐवजी पत्रा घालायचा विचार असेल तर (२०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे पुष्कळांनी घातला) दोन अंदाज वेगळे करा. भरपाई होतं तसं उभं करण्याची मिळते. त्याहून जास्तीचं खिशातून. मला स्वतःला पत्र्याखाली मे महिना काढवत नाही, पण वानरांना कंटाळलेल्या माणसाशी मी वाद घालणार नाही.

तिसरं. कंपनीला पत्र आणि ईमेल दोन्ही पाठवा. मजकूर दोनच मागण्यांचा ठेवा: सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत द्या, आणि ३८ हजार कसे काढले त्याचा बाबवार तक्ता द्या, कुठली रक्कम पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली कापली ते लिहून द्या. सोबत नवे फोटो, नवा अंदाज, मजुराचं पत्र, आणि "पुन्हा पाहणी करावी" ही विनंती. वैताग, शिव्याशाप, 'ग्राहकांना लुटता' वगैरे काही नको. तो कागद पुढे लोकपालांसमोर जाणार आहे. कंपनी जर म्हणाली की विम्याची रक्कम घराच्या मानाने कमी होती म्हणून भरपाईही त्या प्रमाणात कापली, तर गृह रक्षा पॉलिसीत घरासाठी तशी कपात माफ आहे हे दाखवा. फांदीबद्दल वाद घातला तर झाड पडून झालेलं नुकसान त्यात आघात या सदरात नाव घेऊन दिलेलं आहे, तेही दाखवा. वारा खरंच होता का असं कोणी विचारलंच, तर हर्णैला हवामान खात्याची वेधशाळा आहे. तिथली नोंद मागता येते. स्थानिक दैनिकाचं त्या तारखेचं कात्रणही जोडा.

तलाठ्यांनी पंचनामा केला असेल तर त्याची प्रतही लावा. त्यातली रक्कम महत्त्वाची नाही. सरकारी मदतीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत किमान पंधरा टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला साडेसहा हजार होते, त्यात एका पडवीचीही कौलं येत नाहीत. पण घर कधी आणि कशाने पडलं हे त्यावर सरकारी माणसाच्या सहीने असतं, ते कामाचं.

कंपनी "फुल अँड फायनल" (म्हणजे याहून जास्त काही मागणार नाही) म्हणून कागद पाठवेल. पैशाची नड असेल तर ३८ हजार घ्या, पण सहीवर लिहा: "उरलेल्या रकमेबाबत हरकत राखून". तसं लिहिलेला कागद स्वीकारत नाहीत म्हणाले तर आधी ईमेलने हरकत कळवा आणि मग सही करा.

पुन्हा पाहणी करून आकडा हलला नाही, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. नाव-पत्ता पॉलिसीच्या मागे छापलेला असतो. त्याच वेळी विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, पन्नास लाखांपर्यंतचे दावे चालतात, आणि कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जायचं असतं. तुमच्या भागाचं कार्यालय कुठलं तेही पॉलिसीवरच असतं. रत्नागिरीचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच, पण तिथे तारखा पडतात. मी तुमच्या जागी असते तर आधी लोकपालांकडे गेले असते.

पूर्ण १ लाख ४२ हजार मिळतील का? मला नाही वाटत. वाळवीचे वासे वजा होतील, जुन्या लाकडाचं काही कापलं जाईल. पण ३८ वरही ते थांबायचं काही कारण दिसत नाही.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला असतो. देवगडजवळचं घर गणपती आणि मे सोडून बंद. शेजारच्या काकांनी फोन केला तेव्हा कळलं की मागच्या बाजूचं छप्पर खाली आलंय, आणि तेही पडून तीन आठवडे झाले होते. आता विमा कंपनी ऐकून घेईल का? विमा आहे.
एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हे वाचून झाल्यावर लगेच कंपनीला कळवा आणि दाव्याचा क्रमांक घ्या. कधी पडलं ते नक्की माहीत नसेल तर तसंच लिहा: "अमुक तारखेला शेजाऱ्यांकडून कळलं". केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारू नये असं विमा नियामकाने २०११ मध्येच परिपत्रक काढून कंपन्यांना सांगितलं आहे. उशिराचं कारण पटणारं हवं, आणि तुमचं आहे.

खरी अडचण बंद घराची आहे. जुन्या धाटणीच्या अग्निविमा पॉलिसीत घर सलग ३० दिवसांहून अधिक बंद राहिलं तर संरक्षण थांबतं, कंपनीला आधी कळवून मान्यता घेतली असेल तरच चालू राहतं. तुमच्या पॉलिसीत अशी ओळ आहे का ते आधी शोधा. असली तरी हातपाय गाळू नका. काका किल्ली घेऊन दिवा लावायला, झाडलोट करायला जात असतील, मध्ये घरचं कोणी येऊन राहिलं असेल, तर ते लेखी मांडा. वीजबिलात दर महिन्याला थोडे का होईना युनिट पडलेले असतील तर ती बिलं जोडा. खोटं काही लिहू नका. बिल शून्य असेल तर शून्यच.

काकांना सांगा की काही उचलू नका, झाडू नका. फोन हातात धरून दारापासून आतपर्यंत एक सलग व्हिडिओ काढा आणि सुरुवातीला त्या दिवसाचं वर्तमानपत्र दाखवा. सर्व्हेअर येईल त्या दिवशी तुम्हाला निघता येत नसेल तर काकांच्या नावे अधिकारपत्र द्या. पण जमलं तर या. दुसऱ्याच्या घरातलं काय कुठे होतं ते काकांना किती सांगता येणार? माळ्यावरची भांडी, गाद्या, पंखा, टीव्ही यांची यादी तुम्हालाच करावी लागेल. गृह रक्षा पॉलिसीत घराच्या विम्याबरोबर सामानालाही घराच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त दहा लाखांचं संरक्षण आपोआप असतं. मात्र छप्पर उघडं पडून आत आलेलं पाणी वेगळं आणि वर्षानुवर्षं भिंतीतून झिरपणारं पाणी वेगळं. झिरपणाऱ्या पाण्याचे पैसे मागू नका.

आणि बंद घर आहे हे पुढच्या नूतनीकरणाला कंपनीला लेखी कळवून टाका. चाकरमान्यांच्या घरांत हाच घोळ सगळ्यांत जास्त होतो.

प्रश्न : स्लॅबवर पावसासाठी पत्र्याची शेड केली होती. ती उडून शेजाऱ्याच्या छपरावर आणि त्याच्या दोन पोफळींवर पडली. तो नुकसान माझ्याकडे मागतोय. माझ्या विम्यातून देता येईल का?
एक वाचक, गुहागर

उत्तर : शेड विमा उतरवल्यानंतर बांधली असेल आणि कंपनीला सांगितलं नसेल तर तिचेच पैसे मिळताना वाद होईल. शेजाऱ्याचं नुकसान घराच्या साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचं जादा संरक्षण लागतं, ते घेतलं आहे का बघा. त्याच्या घराचा विमा असेल तर त्याचं छप्पर त्याच्या पॉलिसीतून होईल. त्याला ते सांगा, फॉर्म भरायला मदत करा. पोफळी कुणाच्याच घराच्या विम्यात येत नाहीत. त्यांचं काय ते दोघांनी बसून ठरवा, आणि या वेळी पत्रे जे-हुकने पक्के बांधून घ्या. खिळ्यांवर पत्रा टिकत नाही.

प्रश्न : विमा नाही. तौक्ते वादळात पडवी गेली ती पदरच्या पैशाने बांधली. आता घ्यावा का? चिरेबंदी कौलारू घराला देतात का?
एक वाचिका, मालवण

उत्तर : देतात. चिऱ्याच्या भिंती आणि कौलं हे पक्कं बांधकाम. झावळ्यांची किंवा गवताची शाकारणी, बांबू, प्लास्टिक असेल तर ते कच्चं धरलं जातं. घराला तसा मांगर (गुरं-सामान ठेवायची झोपडी) जोडलेला असेल तर अर्जात वेगळा लिहा. रक्कम ठरवताना जागेची किंमत धरायची नाही, आज तेच घर पुन्हा बांधायला लागेल तो खर्च धरायचा. समुद्रालगत जमिनीला सोन्याचा भाव आला म्हणून विमा फुगवून काही उपयोग नाही. एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत पॉलिसी मिळते. बागेतले आंबे-काजू यात येत नाहीत, त्यांचा हवामानावर आधारित फळपीक विमा वेगळा असतो.

अर्ज करताना छपराचे फोटो काढून ठेवा, आतून वासे दिसतील असे आणि बाहेरून चारही बाजूंनी. कौलं परतायला माणूस वर चढेल तेव्हा फोन त्याच्याच हातात द्या.